उणे वीस टक्क्यांत किती पाणी?

उन्हाळा तापू लागला की सोलापूर जिल्ह्यात रोज एकच विचारणा होते: उजनी किती टक्के? मग एके दिवशी बातमी येते, 'उजनी मायनसमध्ये'. नवख्या माणसाला कळत नाही, पाणी उणे कसे होईल?

उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणजे उणे २० टक्के या आकड्याचा अर्थ मृतसाठ्यातले १०.७१ टीएमसी संपले एवढाच. गाळाने व्यापलेली जागा हिशेबात धरली नाही, तर धरणात अजून जवळपास ५३ टीएमसी शिल्लक असतात. म्हणून जिल्ह्याच्या अहवालात तक्त्याच्या शीर्षकात नुसते 'टक्के' लिहून भागत नाही. कशाचे टक्के, हे तिथेच लिहायला हवे.

असा अहवाल रोज संगणकाने आपोआप तयार करायचा असेल, तर धोका वाढतो. समजा, आलेखाचा उभा अक्ष कुणी ० ते १०० असा बांधून टाकला. 'आर' या संगणकीय भाषेतल्या जीजीप्लॉट-२ मध्ये अशी मर्यादा घातली की बाहेरचे बिंदू आलेखातून वगळले जातात. तशी सूचना येते, पण आपोआप चालणाऱ्या कामात ती वाचायला कुणी बसलेले नसते. उजनी उन्हाळ्यात शून्याखाली जाते आणि चांगल्या पावसाळ्यात शंभरीही ओलांडते. म्हणजे गळतात ते नेमके टंचाईचे आणि पुराच्या काळजीचे दिवस! आलेख मात्र दिसायला नीटनेटका.

दुसरी अडचण तालुक्यांच्या नावांची. २०११च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत सांगोला 'सांगोले' आहे, मंगळवेढा 'मंगळवेढे'. पावसाचा तक्ता लोकसंख्येच्या तक्त्याला नावावरून जोडला, तर हे दोन तालुके निसटतात. जोडणी जनगणनेच्या सांकेतिक क्रमांकावरून करावी. नाव फक्त वाचकासाठी ठेवावे.

तक्त्यांच्या क्रमांकांचे नेमके उलटे आहे. फ्रीडरिश लाइश यांनी २००२ साली 'आर'साठी 'स्वीव्ह' हे साधन मांडले, त्यात मजकूर आणि आकडेमोड एकाच फाइलमध्ये आली. या पद्धतीत 'तक्ता ७ पाहा' असे हाताने लिहायचे नाही. तक्त्याला 'उजनी-साठा' असे कायमचे नाव द्यायचे आणि मजकुरात त्याच नावाने उल्लेख करायचा. मध्ये नवा तक्ता घुसला, तरी पुढचे सगळे क्रमांक आपोआप सरकतात. दरवर्षी निघणाऱ्या 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना'सारख्या तक्त्यांनी भरलेल्या पुस्तकाला ही सोय फार मोलाची आहे.

आणि छापण्याआधी एक पडताळणी संगणकाकडूनच करून घ्यावी. तालुके ११ भरले का? त्यांच्या लोकसंख्येची बेरीज जिल्ह्याच्या २०११च्या ४३,१७,७५६ लोकसंख्येशी जुळली का? नसेल, तर अहवाल तिथेच थांबावा आणि कोणत्या तक्त्यात कोणता तालुका सुटला, ते सांगावे.