खिशांतील शिल्लक

तुमसरच्या बाजारांत धानाच्या एका व्यापाऱ्यानें अडत्यास ८,००० रुपयांचा चेक दिला, अशी कल्पना करावी. पासबुकांत १०,००० रुपये आहेत, आणि चेक वटेपर्यंत ते तसेच दिसत राहणार. वस्तुतः त्याचे म्हणावे असे दोनच हजार उरले. हें विसरून त्यानें पांच हजारांचा दुसरा चेक फाडला, तर दोहोंपैकीं एक परत यावयाचा. नुसती अब्रूच जाते असें नाहीं. मागणीची नोटीस मिळूनहि पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास भारतांत १९८९ पासून तो गुन्हा ठरतो.

ही खरी शिल्लक दाखविण्यासाठीं १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत चेकबुकाच्या पाकिटांतच बसणारीं चपटीं गणकयंत्रें निघालीं. साधें यंत्र बंद केलें कीं आंकडा पुसला जाई. याची स्मृति मात्र बॅटरीच्या किंचित् विजेवर जागी राही. चेक लिहितांच रक्कम वजा करावी. आठवड्यानें यंत्र उघडलें तरी तीच शिल्लक समोर! कांहीं यंत्रांत बचतखात्यासाठीं निराळी स्मृति असे.

युक्ति नामी खरी. परंतु बॅटरी संपली कीं शिल्लकहि गेली. शिवाय पैसे कोणास दिले, हें त्या आंकड्यावरून कळत नसे. दुकानदाराच्या रोजकीर्दींत नांव, तारीख, रक्कम आणि शिल्लक हीं सारीं असतात. चेकबुकांतहि या नोंदीसाठीं छापील पान असतें. तें बहुधा कोरें सांपडतें.