खान्देशचे ऊन आणि बिनपंख्याचा लॅपटॉप

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत मे महिन्यातील कमाल तापमान बहुतेक दिवशी ४० अंश सेल्सियसच्या वर राहते आणि भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणेही नवलाचे मानले जात नाही. या उन्हाला खान्देशात ‘मे हीट’ असेच नाव पडले असून, केळीच्या बागा त्यापासून वाचवण्यासाठी शेतकरी बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची वारारोधक ताटी आधीच उभी करून ठेवतो. संगणक विकत घेताना मात्र याच उन्हाचा विचार क्वचितच होतो. वास्तविक अ‍ॅपल कंपनी मॅकबुकसाठी १० ते ३५ आणि आयपॅडसाठी ० ते ३५ अंश अशी वापराची तापमानमर्यादा देते. म्हणजे ज्या हवेत ही उपकरणे चालावीत अशी निर्मात्याची अपेक्षा आहे, ती हवा खान्देशात एप्रिल-मेच्या दुपारी घराबाहेर सहसा नसतेच, आणि पत्र्याच्या छपराखाली तर घरातही नसते. त्यामुळे पातळ लॅपटॉप व टॅब्लेटमधील कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरांची तुलना या भागापुरती निराळ्या निकषावर करावी लागते.

प्रोसेसर म्हणजे उपकरणातील सर्व आकडेमोड करणारी सिलिकॉनची चकती. तिच्यात ट्रान्झिस्टर नावाचे अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात, ते सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडतात-मिटतात, आणि या कामात खर्च होणारी वीज जवळजवळ सगळी अखेर उष्णतेत रूपांतरित होते. हा खर्च ढोबळमानाने विद्युतदाबाच्या वर्गाच्या आणि वेगाच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दाब आणि वेग हे दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर ०.८ या संख्येचा तीनदा गुणाकार होऊन खर्च सुमारे ५१ टक्क्यांवर येतो. वेगाचा पाचवा हिस्सा सोडला की निम्मी वीज वाचते. कमी विजेच्या प्रोसेसरांचे सारे शास्त्र या एका हिशेबाभोवती फिरते. कोणत्या प्रोसेसरची किती उष्णता सतत बाहेर काढावी लागेल, हे सांगणाऱ्या वॉटमधील आकड्याला ‘टीडीपी’ म्हणतात, आणि उपकरण किती पातळ करता येईल व त्यात पंखा लागेल की नाही, हे मुख्यतः याच आकड्यावर ठरते.

हा आकडा खाली आणण्याचे प्रयत्न दोन वाटांनी झाले. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला पहिला ‘आर्म’ प्रोसेसर एप्रिल १९८५ मध्ये तयार होऊन आला. त्याच्या आज्ञा मुळातच मोजक्या आणि साध्या ठेवल्या होत्या, आणि चाचणीच्या वेळी मुख्य वीजजोडणी नसतानाही तो शेजारच्या जोडण्यांमधून झिरपणाऱ्या विजेवर चालताना आढळला. याच कुळातील प्रोसेसर पुढे मोबाइल आणि टॅब्लेटमध्ये पोहोचले. दुसरीकडे इंटेलला मेजावरच्या संगणकांसाठी वाढवलेली आपली रचना आवरती घ्यावी लागली: २००८ मध्ये ‘अ‍ॅटम’ मालिका आली, आणि २०१४ मध्ये अवघ्या ४.५ वॉटचा ‘कोअर एम’ आला, ज्यामुळे पंखा नसलेले पातळ लॅपटॉप शक्य झाले.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे एकाच चकतीवर दोन प्रकारचे ‘कोअर’, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणनविभाग, एकत्र बसवणे. मोबाइलमध्ये आधीच रुळलेली ही रचना अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘एम १’ या प्रोसेसरद्वारे आपल्या लॅपटॉपमध्ये आणली: त्यात चार कोअर वेगवान आणि चार काटकसरी होते, आणि तो बसवलेल्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नव्हता. पत्र टंकणे, हिशेब तपासणे, वाचणे अशी कामे काटकसरी कोअर उरकतात, तर चित्रफीत संपादित करण्यासारखे जड काम आले की वेगवान कोअर जागे होतात, ते भराभर संपवतात आणि पुन्हा निजतात. वापरणाऱ्याच्या दोन बोटांच्या ठोक्यांमधील अंतर प्रोसेसरच्या लेखी फार मोठा विसावा असल्याने, तो किती वेगाने धावतो याइतकेच तो किती गाढ झोपू शकतो यावरही बॅटरीचे आयुष्य ठरते.

आज ग्राहकापुढे साधारण चार पर्याय आहेत. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा ‘एन १००’ हा केवळ चार काटकसरी कोअर असलेला ६ वॉटचा प्रोसेसर स्वस्त उपकरणांत आढळतो आणि लेखन, वाचन, ऑनलाइन वर्ग यांना तो पुरतो. २०२४ मध्ये आलेल्या ‘कोअर अल्ट्रा २००व्ही’ मालिकेत बहुतेक प्रोसेसरांचा मूळ आकडा १७ वॉटचा असला, तरी गरज पडताच ते थोड्या वेळासाठी ३७ वॉटपर्यंत उसळी घेतात. एएमडीच्या ‘रायझन’ प्रोसेसरांतील पातळ लॅपटॉपची मालिका साधारण १५ ते ३० वॉटच्या पट्ट्यात काम करते. क्वालकॉमचा ‘स्नॅपड्रॅगन एक्स’ आणि अ‍ॅपलची ‘एम’ मालिका आर्म कुळातील असून, हलक्या कामात ते फार थोडी वीज घेतात.

या आकड्यांचा खरा अर्थ तापलेल्या खोलीत कळतो. पंखा नसलेल्या उपकरणातील उष्णता त्याच्या पृष्ठभागावरूनच हवेत जाते, आणि किती जाईल हे पृष्ठभाग व हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. हातात धरायच्या वस्तूचा पृष्ठभाग फार तर ४५ अंशांपर्यंत तापू द्यायचा असे धरले, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक २० अंशांचा मिळतो. तेच उपकरण ४० अंशांच्या खोलीत ठेवले की तो ५ अंशांवर येतो, आणि ढोबळ हिशेबाने चौथाईच उष्णता बाहेर पडू शकते. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. याला ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात.

खान्देशातील धाब्याच्या घराशी याची तुलना करता येते. मातीचे जाड छत सकाळचे ऊन आपल्यात जिरवते आणि दुपारपर्यंत घर गार ठेवते, परंतु एकदा ते छत तापले की संध्याकाळी तीच धग आत उतरू लागते. उपकरणाचे धातूचे कवचही पहिली काही मिनिटे उष्णता जिरवून घेते, त्यामुळे दुकानातील छोट्या चाचणीत ते चपळ वाटते. कवच तापल्यानंतर, अर्ध्या तासाने, ते किती चपळ उरते हा खरा प्रश्न असतो.

पंख्याचा लॅपटॉप घ्यावा, तर त्याचीही किंमत मोजावी लागते. पंखा खोलीतीलच तापलेली हवा आत ओढतो आणि तिच्याबरोबर धूळही. जिनिंगच्या कार्यालयात उडणारे रुईचे तंतू किंवा डाळ मिलमधील भुसा हवेच्या जाळीत साचला की पंखा फिरूनही उष्णता बाहेर पडत नाही. अशा ठिकाणी ६ ते १० वॉटचे बिनपंख्याचे उपकरण अधिक टिकाऊ ठरू शकते, कारण त्याला बाहेर टाकायची उष्णताच थोडी असते.

विजेचा हिशेबही याच दिशेने जातो. ५० वॉट-तास क्षमतेची बॅटरी सरासरी ५ वॉट खर्चणाऱ्या उपकरणाला दहा तास पुरते, २० वॉट खर्चणाऱ्याला अडीच तास. गावात वीज गेलेली असताना हा फरक एका पूर्ण कामाच्या दिवसाएवढा असतो. धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा २०१६ च्या सुमारास लोकवर्गणीच्या बळावर मोठ्या प्रमाणात डिजिटल झाल्या. वर्गणीतून घेतलेले उपकरण सकाळच्या शाळेत, तापत्या वर्गात, अनेक वर्षे चालावे लागते, आणि उष्णता लिथियम बॅटरीचे आयुष्य घटवते, हे ध्यानात घेता तिथे कमी वॉटचा प्रोसेसर ही दूरदृष्टीची निवड ठरते.

आर्म प्रोसेसर असलेला विंडोज लॅपटॉप घेताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. जुने प्रोग्राम तो अनुवादाच्या थरातून चालवू शकतो, पण छपाईयंत्र, बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा अक्षरजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक यांना लागणारे ‘ड्रायव्हर’, म्हणजे यंत्र व संगणक यांना जोडणारे प्रोग्राम, त्या कुळासाठी खास तयार केलेले असावे लागतात. सेवा केंद्र चालवणाऱ्याने ही खातरजमा खरेदीपूर्वीच केलेली बरी.

म्हणून खान्देशातील ग्राहकाने जाहिरातीतील सर्वाधिक वेगाच्या आकड्यापेक्षा तीन गोष्टी आधी विचाराव्यात: सततचा वॉट किती, उष्णता बाहेर जाण्याची वाट कोणती, आणि अर्धा तास जड काम केल्यावर वेग किती उरतो. शक्य असेल तर ही शेवटची चाचणी दुकानाच्या वातानुकूलित दालनाबाहेर घ्यावी. केळीची बाग उभी करणारा शेतकरी रोप निवडतानाच मे महिन्याचा विचार करतो; यंत्र निवडतानाही या प्रदेशाने तोच महिना डोळ्यांपुढे ठेवला, तर वर्षाचे उरलेले अकरा महिने ते आपसूक नीट चालेल.