बिघाड जनुकात नाही, त्याच्या बटणात!

काही बाळांना जन्मतःच अंगठ्याशेजारी एक जास्तीचे बोट असते. काही घराण्यांत ते पिढ्यानपिढ्या दिसते. गर्भात बोटे कुठे आणि किती फुटणार, हे ठरवण्यात ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाचा मोठा वाटा असतो. या कुटुंबांमध्ये मात्र ते जनुक शाबूत होते. मग चूक कुठे होती?

माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. प्रथिने बनवण्याची कृती त्यातल्या जेमतेम दोन टक्क्यांत लिहिलेली असते. जनुक कधी, कुठे आणि किती काम करणार, हे ठरवणारी बटणे उरलेल्या भागात विखुरलेली असतात. ‘प्रमोटर’ हे बटण जनुकाच्या सुरुवातीलाच असते. ‘एन्हान्सर’ मात्र लाखो अक्षरे दूर असू शकते. प्रथिनांची लिपी शास्त्रज्ञांना वाचता येते, या बटणांची नीट वाचता येत नाही. म्हणून ती शोधण्यासाठी माणूस, उंदीर, कोंबडी आणि मासा यांचे डीएनए संगणकावर एकाखाली एक मांडून पाहतात. माणूस आणि मासा यांचा समान पूर्वज ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात बिनकामाची अक्षरे बदलून जातात. जिथे बदल जिवावर बेततो, तिथली अक्षरे मात्र टिकून राहतात.

अशा तुलनेतून २००३ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांना ‘झेडआरएस’ हे बटण सापडले. ते सॉनिक हेजहॉगपासून तब्बल दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात दडलेले होते. जास्तीच्या बोटाच्या काही कुटुंबांत याच बटणातले एकेक अक्षर बदललेले आढळले.

पाय नसलेल्या सापांमध्ये या बटणाचे काय झाले? कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१६ मध्ये ते तपासले. सापांच्या झेडआरएसमधून १७ अक्षरांचा तुकडा गळाला होता. उंदरात सापाचे बटण बसवल्यावर पिल्लांचे पाय खुंटले. अजगराच्या बटणात हरवलेला तुकडा परत घातल्यावर पाय पुन्हा नीट वाढले. माशाच्या बटणाने मात्र उंदराला व्यवस्थित पाय दिले.

ही पद्धत अचूक आहे असे नाही. २००७ मध्ये माणूस, उंदीर आणि घूस यांच्यात तंतोतंत सारखे असलेले चार तुकडे उंदरांतून एकेक करून काढून टाकण्यात आले. तरीही ते उंदीर जगले, त्यांना पिल्लेही झाली. संगणक फक्त जागा दाखवतो. खात्री प्रयोगशाळेतच करावी लागते.

रुग्णांसाठी याचा अर्थ सरळ आहे. अनेक जनुकीय चाचण्या मुख्यतः प्रथिने बनवणारा भागच वाचतात. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी आजार आनुवंशिक नाही, असे ठरत नाही. कुटुंबात तोच दोष पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर ती माहिती जनुकतज्ज्ञांना आवर्जून सांगावी. पुढे काय तपासायचे, हे बहुधा त्यावरूनच ठरते.