पत्रा उडतो, लेणं नाही!

वादळात आसऱ्याला घरात एखादी खोली काढायची, तर आराखडा कुणाचा घ्यावा? जुन्नरकरांना लांब जायला नको. तालुक्यात दोनशेहून जास्त कोरीव लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरती थांबवून एका जागी राहायचं, त्या वर्षावासाची ही सोय. लेण्याद्रीच्या गणपतीचं देऊळ म्हणजे असाच एक विहार, सातवं लेणं. कडेला वीस खोल्या, मधे भलंमोठं दालन आणि त्यात एकही खांब नाही. छप्पर डोंगराचंच, उडणार कुठं?

आपलं उडतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून जुन्नर-आंबेगावातही घुसलं. घरांचे पत्रे गेले, पॉलिहाउसची दैना झाली. गंमत म्हणजे वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. वरून सुसाट जाताना तो पत्र्याला वर ओढतो आणि उघड्या पडवीतून शिरलेला खालून रेटतो. वळचण आणि कोपरे आधी सुटतात. म्हणून दोन पाखांपेक्षा चौपाखी छप्पर बरं. आणि कडेला खिळे नकोत, जे-हुक बोल्ट हवेत, तेही जवळजवळ.

तालुक्यातल्याच खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं वाऱ्याशी भांडणच टाळलं. तिथल्या ३० अँटेनांचा व्यास प्रत्येकी ४५ मीटर! एवढी तबकडी भरीव केली असती, तर ती सावरायला लोखंड किती लागलं असतं? गोविंद स्वरूप यांच्या चमूनं तारांची जाळी ताणली; वारा आरपार. घराला ही युक्ती चालायची नाही, पाऊसही आरपार येईल.

अमेरिकेत फेमा या सरकारी संस्थेचे आसऱ्याच्या खोल्यांचे आराखडे ताशी ४०० किलोमीटर वाऱ्यासाठी आहेत. तिकडे तळघरंही खणतात. आपल्याकडच्या पावसाळी आदिवासी पट्ट्यात तसा खड्डा केलात, तर आषाढात त्याचं शेततळं होईल.

शिवाय इथं धोका नुसता वाऱ्याचा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. तिथं भिंतीच्या जाडीनं काही वाचलं नसतं. डोंगरउताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या वाटेत आसऱ्याची खोली काढूच नका.

पत्र्याचं घर असेल, तर निदान न्हाणीघरावर स्लॅब टाका. घरातली माणसं दाटीवाटीनं मावतील एवढं मोठं करा. आणि पत्र्यावर ठेवलेले दगड पावसाळ्याआधी उतरवा. पत्रा उचलला की ते थेट डोक्यात येतात.