गोळीचा रंग बदलला तर?

मैत्रिणींनो, बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तरी मध्येच बंद करणाऱ्या बाया प्रत्येक गटात सापडतील. "आता डोकं दुखत नाही, मग कशाला?" पण बीपी बहुतेकदा काही त्रास न देताच वाढलेलं असतं.

दुसरी गडबड खिडकीवर होते. पुरवठा करणारी कंपनी बदलली की पाकीट वेगळं, कधी गोळीचा रंगही वेगळा. मग कुणी नवी गोळी घेतच नाही. कुणी जुनी-नवी दोन्ही घेते, बीपी फार उतरतं आणि चक्कर येते. म्हणून पाकिटावर औषधाचं नाव बघा, जसं अ‍ॅम्लोडिपिन, आणि पुढचा आकडा, ५ एमजी की १०. वाचता येत नसेल तर जुनं रिकामं पाकीट जपून ठेवा, दाखवून विचारा, "भाऊ, हीच का ती?" मागे रांग असली तरी विचारायचं. नुसतं "सकाळी एक" म्हणून पाकीट सरकवणं म्हणजे समजावणं नव्हे; किती, कधी, जेवणाआधी की नंतर, हे सांगणं औषध देणाऱ्याचं कामच आहे.

गोळ्या संपायच्या चार दिवस आधी जा. साठा नसेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जनऔषधी दुकानात जा, तिथं स्वस्त पडते.