कूस बदलण्याचा हिशेब

वृद्धाश्रमाची उत्पादकता म्हणजे तिथे खर्ची पडलेले श्रम, पैसा आणि वस्तू यांच्या तुलनेत तिथल्या माणसांना मिळालेली सेवा. खर्चाची बाजू किर्दीत सापडते. सेवेची बाजू मात्र कुठल्याच वहीत धड उतरत नाही. मोजायला सोपे म्हणून ‘निवासी-दिवस’ हे एकक घेतात. पंचवीस जण महिनाभर राहिले की ७५० निवासी-दिवस झाले. महिन्याच्या खर्चाला ७५०ने भागले की एका माणसाचा रोजचा खर्च निघतो. देणगीदारही बहुधा हाच आकडा विचारतात. पण सेवा करणाऱ्या चार मावश्यांपैकी एक कमी केली, तर निवासी-दिवस तेवढेच राहतात आणि खर्च उतरतो. कागदावर उत्पादकता वाढते, प्रत्यक्षात आजींची आंघोळ दिवसाआड होऊ लागते. सेवा घसरली की जे माप सुधारते, त्यावर विसंबून निर्णय घेणे घातक आहे.

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीत कामाचे दुसरे एक माप पूर्वीपासून रुजलेले आहे. १८९७ साली इथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, पुढे गावात रेल्वेचा कारखाना उभा राहिला. कारखान्यात डबा दुरुस्तीला येतो आणि दुरुस्त होऊन जातो. त्याला कमी मनुष्यतास लागले तर ती खरोखर प्रगती असते. वृद्धाश्रमात असे काही बाहेर पडत नाही. तिथे माणसाचा वेळ हीच सेवा आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवले, की ज्या कामांत यंत्राने वेळ वाचत नाही, त्यांचा खर्च इतर क्षेत्रांतल्या मजुरीबरोबर वाढत जातो. गावात मजुरी वाढली की मावशींचा पगारही वाढवावा लागतो, पण त्या एका तासात पूर्वीपेक्षा जास्त जणांना घास भरवू शकत नाहीत.

हा वेळ जातो कुठे, हे दिवसभर काम पाहिल्याशिवाय कळत नाही. पहाटे अंथरुणे तपासणे, ओले झालेले बदलणे, दात घासून देणे, चहा. मग गरम पाणी आणि आंघोळी. ज्यांना धरून न्यावे लागते त्यांच्या आंघोळीला चालत्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि घाई केली की पाय घसरतो. माढा तालुक्याच्या उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला, तर पाणी हीच खर्चाची मोठी बाब होते. जेवणाचेही तसेच. सोलापुरी कडक भाकरी बोळक्या तोंडाला चालत नाही. ती दुधात किंवा आमटीत कुस्करून, भिजवून, थांबून-थांबून भरवावी लागते. बीपी-शुगरच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ डबीत लावायच्या, गिळल्या की नाही तेही पाहायचे.

सर्वांत जास्त वेळ अंथरुणाला खिळलेल्यांचा. पाठीला, माकडहाडाला बेडसोर होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात. दिवसरात्र मिळून बारा वेळा. प्रत्येक वेळी दोघींची पाच-पाच मिनिटे धरली, तरी एका माणसामागे दोन मनुष्यतास झाले. असे तिघे असतील तर सहा तास, म्हणजे एका मावशीची जवळजवळ पूर्ण पाळी. हे काम झाले की दिसत नाही. न झाले तरच दिसते, तेही काही दिवसांनी जखम होऊन. मग रोजचे ड्रेसिंग, औषधे, बार्शी किंवा सोलापूरच्या दवाखान्याच्या खेपा. वाचवलेला पगार जखमेवर खर्च होतो आणि माणसाच्या वेदना कुठल्याच खात्यावर पडत नाहीत.

खात्यांची मांडणीही दिशाभूल करते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०खाली नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. जमाखर्चाच्या विहित नमुन्यात ‘आस्थापना खर्च’ आणि ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ अशी वेगळी शीर्षके असतात. किराणा आणि औषधे उद्दिष्टांखाली, मावशींचा पगार आस्थापनेखाली, अशी विभागणी केली की देणगीदाराला तो पगार वरखर्च वाटतो. कूस बदलणारा हात हा वरखर्च नाही. वृद्धाश्रम ज्यासाठी आहे ते काम तोच करतो. वस्तुरूप देणग्यांचे वेगळे दुखणे आहे. पितृपक्षात एकाच दिवशी दोन-तीन घरांचे अन्नदान येते, त्यात जिलेबी असते आणि खाणाऱ्यांत मधुमेही असतात. बाजारभावाने या जेवणाची किंमत मोठी दिसते, पण डायपर आणि रात्रपाळीचा पगार त्यातून भागत नाही.

उत्पन्नाची बाजू तुटपुंजी आहे. रेल्वेतून निवृत्त झालेल्याला पेन्शन आहे. निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेतून २०२३पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला पन्नास. तेवढ्यात जेवण, औषध आणि माणसाचा वेळ बसवता येत नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मोठ्या संख्येवर दरडोई खर्च उतरतो हे खरे. पण जिल्ह्याचा असा आश्रम सोलापुरात झाला, तर ते कुर्डुवाडीहून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, आणि ओळखीचे कोणी भेटायला येणे हाही सेवेच्या फळाचाच भाग आहे.

ब्रिटनमध्ये अर्थशास्त्रज्ञ टोनी अ‍ॅटकिन्सन यांच्या २००५च्या अहवालाने सार्वजनिक सेवांचे उत्पादन गुणवत्तेसह मोजावे असा आग्रह धरला. केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यानंतर निवासी सेवेसाठी आठ बाबींचे माप विकसित केले: रोजच्या जगण्यावर स्वतःचा ताबा, शरीराची स्वच्छता, खाणेपिणे, सुरक्षितता, माणसांचा सहवास, वेळ घालवायला काही काम, राहण्याच्या जागेची स्थिती आणि सन्मान. सेवेमुळे आज काय स्थिती आहे आणि सेवा नसती तर काय असती, यांतला फरक हे फळ. ही कसोटी न्याय्य आहे. चालत्या-फिरत्या आजोबांत हा फरक थोडा असतो, खिळलेल्या आजींत फार मोठा. म्हणून निव्वळ धडधाकट माणसे घेऊन दरडोई खर्च कमी दाखवणारी संस्था या मापात पुढे जात नाही.

लहान संस्थेलाही हे जमण्यासारखे आहे. प्रवेशाच्या वेळी आंघोळ, कपडे, संडासला जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण या सहा गोष्टी माणूस स्वतः करतो का, ते नोंदवायचे. डॉ. सिडनी कॅट्झ यांचा १९६३चा निर्देशांक याच गोष्टींचा आहे. दर तीन महिन्यांनी पुन्हा नोंद घ्यायची. सोबत नवे बेडसोर, पडण्याचे प्रसंग, वजन आणि चुकलेल्या गोळ्या यांची एक वही. ज्याला बोलता येते त्याला विचारायचे, पण मावशींच्या समोर नव्हे, कारण रोजच्या अवलंबनात तक्रार करायला माणूस कचरतो. विस्मरणाच्या आजाराने ज्याला सांगता येत नाही, त्याच्याजवळ जेवणाच्या वेळी बसून पाहायचे: घास किती वेळात भरवला, नावाने हाक मारली का, ताट अर्धे का राहिले.

घरच्या सांभाळाशी तुलना करताना घरचा खर्च शून्य धरण्याची सवय आहे. तिथेही कूस दोन तासांनीच बदलावी लागते आणि बहुतेक घरांत ती सून किंवा लेक बदलते. त्यासाठी तिने सोडलेली मजुरी आणि तुटलेली झोप तुलनेत धरावीच लागते.