अपेंडिक्सचा स्कोअर आणि लीड्सचा कागद

एका वाचकाने विचारलं आहे : मुलाची सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी 'स्कोअर आठ आहे' म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनची तयारी ठेवायला सांगितली, हा स्कोअर कसला?

बहुधा अल्व्हाराडो स्कोअर. फिलाडेल्फियातल्या ३०५ रुग्णांच्या नोंदींवरून अल्फ्रेडो अल्व्हाराडोंनी तो १९८६ मध्ये मांडला. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, भूक मेली, मळमळ किंवा उलटी झाली, दाबलेला हात झटकन उचलताना कळ आली, अंगात ताप आहे, न्यूट्रोफिल वाढलेत : प्रत्येकी १ गुण. दाबल्यावर तिथेच दुखलं तर २, पांढऱ्या पेशी दहा हजारांवर गेल्या तर आणखी २. दहापैकी सात झाले की अपेंडिसायटिसचा संशय बळावतो. सोनोग्राफीत अपेंडिक्स पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून नॉर्मल रिपोर्टवर डॉक्टर थांबत नाहीत.

पुढे ब्रुनेईच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये 'रिपासा' स्कोअर काढला. त्यांच्याच १९२ रुग्णांत रिपासाने अपेंडिसायटिसचे ९८ टक्के रुग्ण पकडले, अल्व्हाराडोने ६८. मात्र ज्यांना तो आजार नव्हता, त्यांना वगळण्यात अल्व्हाराडो सरस ठरला : ८८ टक्के, रिपासा ८१. शिवाय रिपासात परदेशी ओळखपत्रालाही एक गुण आहे! तो सोलापुरात कसा मोजायचा? म्हणून 'अमुक स्कोअर सर्वोत्तम' हे मी सहजी मानत नाही.

या चर्चेत लीड्सच्या टिम डी डोंबाल यांचं नाव क्वचितच येतं, याची मला खंत वाटते. १९७२ मध्ये त्यांनी पोटदुखीच्या ३०४ रुग्णांची माहिती संगणकाला दिली. संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आलं, सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं ७९.६. पण खरी गंमत पुढेच! प्रयोग चालू असेतो डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारलं, पोट उघडून काहीच न सापडण्याचं प्रमाण घटलं. प्रयोग संपल्यावर ते पुन्हा वाढलं. संगणकासाठी छापील फॉर्म भरताना डॉक्टर प्रत्येक प्रश्न विचारत होते, पोटाचा प्रत्येक भाग चाचपत होते, आणि आपलं निदान कुठे चुकलं हे त्यांना कळत होतं. १९८६ मध्ये याच पद्धतीच्या चाचणीचा, आठ केंद्रांतल्या १६,७३७ रुग्णांचा अहवाल आला : अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण २३.७ वरून ११.५ टक्क्यांवर उतरलं होतं.

आज निदानाच्या ॲपची जाहिरात होते, तेव्हा मला हा फॉर्म आठवतो. स्कोअर पाच-सहा असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा : पोट पुन्हा कधी तपासणार? दुखणं तासागणिक बदलतं, आणि गुणही.